क्रोधागार आणि इतर आवश्यक दालने

घराचा नकाशा पुढ्यात पसरला, की एरवी शांत व सुसंस्कृत असलेला गृहस्थही एकाएकी मोजणीखात्यातील अव्वल कारकून बनतो. शयनगृह दहा बाय बारा आहे की दहा बाय अकरा, न्हाणीघराचे दार आत उघडते की बाहेर, फ्रिज मांडल्यावर ओट्यापाशी उभे राहावयास जागा उरते किंवा नाही, याची झडती तो अशा कसोशीने घेतो, की नकाशा आणणाऱ्या ठेकेदारालाही क्षणभर घाम फुटावा. परंतु ‘या घरात रुसावयाचे कोठे?’ हा साधा प्रश्न आजवर कोणी कोणाला विचारल्याचे निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. वस्तुतः झोपणे, जेवणे आणि बसणे या तीन क्रियांसाठी मराठी माणसाला जागेची फारशी मातब्बरी वाटत नाही. लग्नघरी अर्ध्या सतरंजीवर आणि दुसऱ्याच्या उशीवर तो गाढ झोपतो; पंगत जिन्याखाली बसली तरी मठ्ठ्याची दुसरी वाटी मागतो; आणि बसण्याचे म्हणाल, तर पायरी, कट्टा किंवा बंद दुकानाची फळी यांपैकी काहीही त्याला दिवसभर पुरते. असे असता वास्तुशिल्पज्ञ नेमक्या याच तीन क्रियांसाठी स्वतंत्र खोल्या आखतो, आणि ज्या क्रियांना खरोखर जागेची निकड असते, म्हणजे रुसणे, टाळणे, चोरून ऐकणे, निरोप देणे, तसेच टाकवत नाही नि वापरवत नाही अशा वस्तूंचा सांभाळ करणे, त्यांच्या वाट्याला नकाशातील एक तसूही येऊ देत नाही.

आमच्या पूर्वजांना या बाबतीत अधिक समज होती. अयोध्येच्या राजवाड्यात क्रोधागार नावाचे स्वतंत्र दालन होते, आणि वाल्मीकीने ते काही नवलाची चीज म्हणून वर्णिलेले नाही. मुदपाकखान्याचा किंवा अश्वशाळेचा उल्लेख करावा तितक्याच सहजतेने केला आहे. कैकेयी अंगावरचे अलंकार काढून टाकून तेथील भुईवर जाऊन पडली. दशरथ तिच्या महालात आला, ती दिसेना, म्हणून त्याने विचारणा केली. आणि प्रतिहाराने हात जोडून सांगितले, की देवी रागावून क्रोधागारात गेल्या आहेत. राजा तडक तिकडे गेला. शेजारीपाजारी चौकशी नाही, माहेरी जासूद पाठवणे नाही, की विहिरीत डोकावून पाहणे नाही. पुढे जो अनर्थ झाला त्याचे खापर मंथरेवर आणि दोन वरांवर खुशाल फोडावे. दालनाच्या आखणीकडे बोट दाखवता येणार नाही.

अशा दालनाचे काम मात्र संसारात मुरलेल्या माणसाच्या सल्ल्यानेच करवून घेतले पाहिजे. त्याला दार असावे, पण आतून कडी नसावी. कारण कडी घालून घेतलेला रुसवा हा रुसवा राहत नाही, तो पोलीसचौकीचा विषय होतो. खिडकी अशा बेताने ठेवावी, की भुईवर पडल्यापडल्या आपली समजूत काढावयास कोणी येत आहे किंवा नाही हे दिसावे, परंतु आपण पाहत आहो हे येणाऱ्याला दिसू नये. पलंग किंवा गादी यांस सक्त मनाई असावी. कैकेयी भुईवर पडली होती हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गादी मिळाली, की मनुष्य पाच मिनिटांत घोरू लागतो, आणि घोरणाऱ्याची समजूत काढण्याची युक्ती अद्याप कोणास सापडलेली नाही. दालनाचे स्थान स्वयंपाकघराच्या इतके निकट असावे, की भरल्या वांग्यांचा वास विनासायास आत जावा व रात्री नवाच्या सुमारास कोणत्याही तहनाम्याशिवाय प्रकरण निकालात निघावे. एकाच दिवशी दोघेही रुसल्यास वहिवाट कोणाची, हा कायद्याचा नाजूक मुद्दा आहे. पण जो प्रथम आत जाईल त्याचा कब्जा मान्य करावा व दुसऱ्याने गॅलरीत उभे राहून दूरवर पाहावे, हा तोडगा सर्वसामान्यपणे चालण्यासारखा वाटतो. सासूबाई घरात असल्यास अर्थातच ज्येष्ठतेचा विचार करावा लागेल.

आजच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकात रुसण्याची जी परवड होते ती पाहवत नाही. गृहिणी रागावून स्वयंपाकघरात जाते. परंतु तेथे पाणी प्यावयास प्रत्येकजण येतो, आणि येतो तो साखरेचा डबा कोठे आहे असे तिलाच विचारतो. आणि तो कोठे आहे हे घरात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसल्यामुळे तिला उत्तर द्यावे लागते. एकदा साखरेचा डबा सांगितला, की अबोल्याचा भंग झाला. पुरुष वर्तमानपत्र घेऊन न्हाणीघरात शिरतो, तर बाहेर आंघोळीची रांग लागते. मुलगी गच्चीवर जावयास निघते, तर गच्चीला सोसायटीच्या सेक्रेटरीने कुलूप घातलेले असते व किल्लीसाठी लेखी अर्ज द्यावा लागतो. आणि अर्जात कारण लिहावे लागते.

जुन्या वाड्यांच्या रचनेत अशा कामांची तजवीज आपोआपच होत असे. दोन खांबांमधील अंतराला खण म्हणत. घर किती खणी आहे यावरून घरधन्याची ऐपत ठरे. आणि दिंडी दरवाजा, देवडी, चौक, ओसरी, दिवाणखाना, माजघर, कोठी व परसू अशी एकामागून एक उत्तरोत्तर खाजगी होत जाणारी ठाणी ओलांडल्यावाचून कोणाही उपऱ्याला घराच्या गाभ्यापर्यंत पोहोचता येत नसे. दारी आलेला याचक देवडीशी थांबे. खंड घेऊन आलेले कूळ ओसरीच्या कडेला टेके. सावकार दिवाणखान्यात लोडाशी बसे. आणि व्याह्यांना माजघराच्या उंबरठ्यापर्यंत जाण्याचा मान असला, तरी ते सहसा जात नसत. कोणी कोठवर यावे हे सांगण्याची वेळ यजमानावर येत नसे, कारण ते काम खांब व पायऱ्या परस्पर करीत. ब्लॉकाचे दार उघडले, की गणपतीची वर्गणी मागावयास आलेल्या तरुणालाही दिवाणखाना, जेवणाचे टेबल, टेबलावरची कालची भाकरी, पलीकडची न उचललेली अंथरुणे आणि दोरीवरचे कपडे असा संपूर्ण संसार एका दृष्टिक्षेपात अवलोकन करता येतो, आणि मग ‘सध्या जरा ओढाताण आहे’ असे म्हणावयाची सोय राहत नाही. नवा फ्रिज त्याने आल्याआल्याच पाहिलेला असतो.

तथापि वाड्याची स्तोत्रे गाणाऱ्यांचा मला थोडा संशय येतो, कारण ती गाणारे बहुधा ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसलेल्यांचे वंशज असतात. माजघरात दिवसाढवळ्या समई लागे. स्वयंपाकघरातल्या धुराने बायकांचे डोळे जात. बाळंतिणीची खोली म्हणजे खिडकी विसरलेली कोठडी असे. महिन्याचे तीन दिवस ‘बाजूला बसणारी’ आणि आयुष्यभर बाजूला बसवलेली विधवा यांच्या वाट्याला जे अंधारे कोपरे येत, त्यांना क्रोधागार म्हणण्याचा अधिकारही त्यांना नव्हता. संडास परसात, आणि पावसाळ्यातल्या रात्री तेथवर जाणे ही एक मोहीमच. पुढे वाड्यांच्या नशिबी जे आले त्यात 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत शिरलेल्या पाण्याचा वाटा मोठा. पण जे पाण्याने ठेवले ते 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली गोठलेल्या भाड्याने, थकलेल्या डागडुजीने आणि मालक-भाडेकरूंच्या पिढीजात दाव्यांनी पाडले. वाडे गेले याचे दुःख माझ्याने फारसे होत नाही. जाताना ते मागील दार घेऊन गेले, याचे मात्र होते.

मागील दार! शनिवारवाड्याची वास्तुशांत 1732 च्या जानेवारीत झाली. खर्च 16,110 रुपये आला अशी नोंद आहे. आणि त्या कोटाला दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि जांभूळ अशी पाच दारे आहेत. उत्तरेकडील दिल्ली दरवाजाला हत्तीची धडक रोखण्यासाठी अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. माझ्या दारावर हत्ती येण्याचा संभव अल्प असल्यामुळे मी पाच दारे मागत नाही, खिळे तर मुळीच मागत नाही. दुसरे एक दार तेवढे मागतो.

याची आवश्यकता ज्यांना पटत नसेल त्यांनी संध्याकाळी सहाच्या सुमारास न सांगता आलेल्या पाहुण्यांचा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. पाहुणे दिवाणखान्यात विराजमान झाले आहेत. आत दूध संपले आहे. चिवड्याच्या डब्यात फक्त शेंगदाणे नसलेला भाग शिल्लक आहे. आणि धाकट्या मुलाला कोपऱ्यावरच्या दुकानी पिटाळावयाचे आहे. जुन्या घरात तो परसातून, शेजारच्यांच्या अंगणातून, दोन मिनिटांत जाऊन येई, आणि पाहुण्यांना वाटे की या घरी दूध व बाकरवडी यांचा अखंड साठा असतो. ब्लॉकात त्याला पाहुण्यांच्या मधोमध जावे लागते. तो जाताना पिशवी चड्डीत कोंबून, चेहऱ्यावर कमालीची निर्व्याज मुद्रा धारण करून जातो. पाहुणे छताकडे पाहतात. दार लागते न लागते तोच पाहुण्यांपैकी बाई म्हणतात, “वहिनी, खरंच काही करू नका हं, आत्ताच घेऊन निघालोत.” यजमानीण म्हणते, “छे, काही नाही केलं हो.” हे दोघींचेही म्हणणे खरे असते. मग पंधरा मिनिटे सर्वांनी पावसाविषयी बोलावयाचे, कारण सर्वजण त्या मुलाची वाट पाहत असतात आणि कोणीही वाट पाहत नसल्याचे सोंग अबाधित राखावयाचे असते. शेवटी घंटा वाजते, मुलगा आत येतो, आणि हातातली पिशवी पाठीमागे धरून, पाहुण्यांकडे तोंड ठेवून, भिंतीच्या कडेकडेने उलट्या पावलांनी स्वयंपाकघरात जातो. दिल्लीच्या दरबारात बादशहाला पाठ न दाखवण्याचा रिवाज होता. तो आता एवढाच उरला आहे.

स्वयंपाकघरात तो जातो असे मी म्हटले. परंतु हल्लीच्या घरात स्वयंपाकघर स्वतंत्र असेलच असा भरवसा उरलेला नाही. मधली भिंत काढून टाकून दिवाणखाना व पाकशाला यांचे एकीकरण करण्याची जी टूम निघाली आहे, तिच्या पुरस्कर्त्यांनी फोडणी हा प्रकार कधी केला नसावा, आणि सुके बोंबील तर पाहिलेलेही नसावेत. स्वयंपाकघराचा शास्त्रीय विचार युरोपातही झालेला आहे. फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविदुषीने 1926 साली जे स्वयंपाकघर आखले, ते अवघे 1.9 मीटर रुंद व सुमारे 3.4 मीटर लांब होते. आगगाडीच्या भोजनडब्यातील मुदपाकखाना डोळ्यांपुढे ठेवून, बाईचे एकेक पाऊल कसे वाचेल याचा तिने हिशेब केला. आणि तशी हजारो स्वयंपाकघरे तेथे बसवली गेली. एवढा काटकसरीचा बेत, पण दिवाणखान्याच्या बाजूला तिने सरकते दार ठेवले होते. आम्ही दारच काढून टाकले. शिवाय त्या आखणीत एकाच बाईचे चालणे धरलेले आहे; सुनेने चिरावे, सासूने बघावे आणि नणंदेने दाराशी टेकून बोलावे, या तीन जागा ज्यात नाहीत ते स्वयंपाकघर आमच्याकडे अपुरेच म्हणावे लागेल.

स्वयंपाकघराच्या दाराआड पूर्वी घराचा खरा कारभार चाले. दिवाणखान्यात यजमान मुलीच्या लग्नाचा व्यवहार ठरवीत आहेत, हुंड्याचा आकडा मान्य करण्याच्या बेतात आहेत, इतक्यात दाराआडून बांगड्यांचा किंचित आवाज येई किंवा कोणीतरी खोकत असे, आणि यजमान तात्काळ म्हणत, “तरी पण विचार करून कळवतो.” या खोकल्याला नकाशात जागा हवी. आता मधला पडदाच नाहीसा झाल्यामुळे ‘यांना जेवायला थांबवायचे का?’ ही नाजूक मसलत पाहुण्यांच्या देखत केवळ भुवयांनी पार पाडावी लागते, आणि नवऱ्यांना भुवयांची भाषा उलट कळते हा सार्वत्रिक अनुभव आहे. गृहिणीने ‘थांबवू नका’ म्हणून डोळे मोठे केले, की तो उत्साहाने म्हणतो, “आता जेवूनच जा!”

जागाच नाही तर दाराआड काय नि पडद्याआड काय, असे मुंबईकर म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत राजाच्या उत्तम घराची रुंदी 108 हात व लांबी तिच्या सव्वापट सांगितली आहे. पुढे सेनापती, मंत्री असे उतरत उतरत तो चार वर्णांपर्यंत येतो आणि त्यांच्या घरांची रुंदी 32 हातांपासून चार-चार हात कमी करीत 16 हातांवर आणतो. त्याहून कमी रुंदीचे घर तो फक्त अत्यंत हीन लोकांसाठी राखून ठेवतो. सोळा हात म्हणजे सुमारे चोवीस फूट. या मोजमापाने पाहता मुंबईतील बहुतेक डॉक्टर, वकील व प्राध्यापक कोणत्या सदरात पडतात हे त्यांचे त्यांनी ठरवावे. सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात नायगाव, वरळी, शिवडी आणि डिलाइल रोड येथे ज्या बी.डी.डी. चाळी उभारल्या, त्यांतील खोली अवघी 160 चौरस फुटांची. आणि तेवढ्यात नवराबायको, मुले, गावाकडचा भाऊ, त्याचा मित्र आणि पावसाळ्यात छत्र्या असे सारे नांदले. वास्तुपुरुष ईशान्येस मस्तक करून, गुडघे नि कोपरे दुमडून त्या चौकोनात पालथा पडलेला असतो असे शास्त्रात आहे. गिरणगावात ते कोणाला समजावून सांगावे लागले नसेल.

तरी तेथे माणसे टिकली ती खोलीमुळे नव्हे, खोलीबाहेरच्या सामायिक गॅलरीमुळे. गॅलरी कोणाच्याही हिश्शात मोजलेली नव्हती, म्हणून ती सर्वांची होती. मुलांनी तेथे मॅट्रिकचा अभ्यास केला, बायकांनी गहू निवडले, रात्रपाळीचे लोक तेथे दिवसा झोपले, आणि रुसलेला माणूस तेथे कठड्याला रेलून उभा राहिला, की शेजारी आपण होऊन त्याला चहाला नेत. क्रोधागार आणि समझोता-मंडळ यांची एवढी स्वस्त सोय पुढे झाली नाही. ब्लॉकाला जी गॅलरी मिळते ती गृहस्थ प्रथम मोठ्या प्रेमाने पाहतो, तेथे वेताची खुर्ची टाकून सकाळचा चहा घेण्याचे मनसुबे करतो, आणि पहिला पावसाळा येण्यापूर्वी तिला काचा लावून आत घेतो व तेथे धुलाईयंत्र ठेवतो.

निरोपाच्या जागेविषयी कोणत्याही वास्तुग्रंथात चकार शब्द नाही, याचा विस्मय वाटतो. आमच्याकडे पाहुणा ‘बरंय, निघतो’ म्हणतो ते निघण्याची पूर्वसूचना म्हणून. त्यानंतर तो उठतो, चपला घालतो, आणि उंबरठ्यावर आला की ज्या कामासाठी आला होता तो विषय काढतो. दोन तास दिवाणखान्यात जे निघाले नाही, म्हणजे उसने पैसे, मुलीची पत्रिका किंवा सामायिक जमिनीचा सातबारा, ते दारात हमखास निघते. यास्तव दाराबाहेर निदान पाच फूट चौरस अशी ऐसपैस जागा हवी, खांदा टेकावयास भिंत हवी, डास नसावेत, आणि लिफ्ट फार जवळ असू नये. लिफ्ट जवळ असली, की पाहुणा एक पाय तिच्या दारात अडकवून सातबाराविषयी बोलत राहतो, आणि पाचव्या मजल्यावरचे लोक वरून ओरडू लागतात.

राहता राहिली अडगळीची खोली. हिच्याविषयी लिहिताना हात आवरता घेतो, कारण प्रत्येक वाचकाला आपापली अडगळ पुरेशी आहे. वास्तुशिल्पज्ञांनी तिची बोळवण छताखालच्या पोटमाळ्यावर केली आहे. तेथे आजीचा तांब्याचा बंब आहे, ज्याला आता धुराडे देता येत नाही. गणपतीचे मखर आहे, जे दरवर्षी ‘पुढच्या वर्षी नवे करू’ म्हणून पुन्हा वर जाते. थोरल्याचा पाळणा आहे, जो धाकट्यासाठी ठेवला, मग नातवासाठी ठेवला, आणि नातू परदेशी जन्मला. जुने दिवाळी अंक आहेत, ज्यांतील एक कथा पुन्हा वाचावयाची आहे. यंदा दसऱ्याच्या आधी आमच्याकडे या सर्वांचा सोक्षमोक्ष लावण्याचे एकमताने ठरले. कोणती वस्तू टाकावी याविषयी प्रत्येकाने मोकळेपणाने मत द्यावे असे सांगताच प्रत्येकाने दुसऱ्याची वस्तू सुचवली. बंबावर माझे व पाळण्यावर सौभाग्यवतींचे भाषण झाले. आणि दुपारपर्यंत विचारविनिमय होऊन ज्या एका वस्तूविषयी कोणाचाच आक्षेप निघाला नाही ती, म्हणजे एक पायरी मोडलेली लाकडी शिडी, भंगारवाल्याला देऊन टाकली. तेव्हापासून पोटमाळ्यावर काय आहे हे पाहण्याचे साधनच घरात उरलेले नाही.